बेडकाच्या आतड्यातील पेशीची साक्ष

स्नायूची पेशी आकुंचन पावते, यकृताची पेशी पित्त तयार करते. दोघींचा उगम मात्र एकाच फलित अंड्यात. मग एकाच घरच्या लेकरांनी इतके निरनिराळे धंदे कसे पत्करले?

जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट वाइसमान यांनी 1892 मध्ये असे प्रतिपादन केले की, पेशीविभाजनात आनुवंशिक द्रव्याची वाटणी होत जाते व वाट्याला आलेल्या अंशाप्रमाणे पेशी घडते. परंतु 1891 मध्येच हान्स ड्रीश यांनी सी-अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या गर्भाच्या पहिल्या दोन पेशी अलग केल्या होत्या, आणि प्रत्येकीतून लहान पण संपूर्ण डिंभ तयार झाला होता. निदान आरंभी तरी वाटणी होत नव्हती.

पूर्ण घडलेल्या पेशीचे काय? 1952 मध्ये अमेरिकेत ब्रिग्ज व किंग यांनी बेडकाच्या अंड्यातील केंद्रक काढून तेथे गर्भपेशीचे केंद्रक बसविले. कोवळ्या गर्भाचे केंद्रक घेतले की यश येई. गर्भ वाढलेला असला की बहुधा अपयश. पेशी आपल्या सूचना कायमच्या गमावते, अशी शंका त्यामुळे बळावली.

ऑक्सफर्डच्या जॉन गर्डन यांनी ही शंका फेडली. आफ्रिकी बेडकाच्या अंड्यातील केंद्रक त्यांनी जंबुपार किरणांनी निकामी केले व तेथे भैकेराच्या, म्हणजे बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लाच्या, आतड्यातील केंद्रक ठेवले. यश थोडे आले. पण काही अंड्यांतून पोहणारी भैकेरे निपजली. हा निबंध 1962 मध्ये प्रसिद्ध झाला. सूचना हरवत नाहीत, हे त्यातून दिसले. ग्रंथ सर्वांपाशी एकच. प्रत्येक पेशी आपापली पाने उघडते व बाकीची मिटून ठेवते.

पाने उघडतात कशी, याचा मार्ग पॅरिसच्या जाकोब व मोनो यांनी 1961 मध्ये जीवाणूंत दाखविला: दुधातील साखर मिळाली की तिचे पचन करणारी जनुके जागी होतात, एरवी निजलेली असतात. 2006 मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी अवघी 4 जनुके घालून उंदराच्या त्वचापेशींना गर्भपेशींसारखे बनविले. गर्डन व यामानाका यांना 2012 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

शिक्षकांनी व पालकांनी ध्यानात ठेवावी अशी एक गोष्ट उरते. 1949 मध्ये ईटन शाळेत गर्डन जीवशास्त्रात 250 मुलांत शेवटचे आले होते, आणि शास्त्रज्ञ होण्याचा त्यांचा विचार हास्यास्पद असल्याचा शेरा शिक्षकांनी दिला होता. पेशीत मिटलेले पान पुन्हा उघडू शकते. मग विद्यार्थ्याविषयी अखेरचा निकाल देण्याची घाई आपण का करावी?