उन्हातलं घर, सौद्यापुरतं

स्पेनमधला ब्रिटिश माणूस पडद्यावर आधी आला तो फरारी म्हणून. 1978 मध्ये दोन देशांतला प्रत्यार्पण करार संपला आणि 1985 पर्यंत नवा झाला नाही. त्या फटीतून निसटलेल्या मूठभर दरोडेखोरांनी अख्खा कोस्टा देल सोल किनारा बदनाम केला. 1992 मध्ये बीबीसीने तिथल्याच कोईन गावाजवळ सेट उभारून स्थायिक ब्रिटिशांवरची ‘एल्डोराडो’ ही मालिका आणली आणि वर्षभरातच गुंडाळली. त्यांच्या तिथल्या रोजच्या जगण्यात प्रेक्षकांना रसच नाही, असं यावरून कुणी म्हणेल. पण मालिका घाईत उभी राहिली होती, आणि बंद होताना तिचे प्रेक्षक वाढत होते! उलट चॅनल 4 वरचा ‘अ प्लेस इन द सन’ हा कार्यक्रम 2000 पासून चालतो, कारण त्यात फक्त घर पाहणं आणि घासाघीस असते. सौदा ठरला की कॅमेरा माघारी फिरतो. पुढचं म्हातारपण, दवाखाना, न येणारी स्पॅनिश सगळं दाराआड.