गिरमिटाची वही आणि मुकादमाची वही

मॉरिशसच्या एका मराठी गृहस्थांना आपल्या खापरपणजोबांचे गाव हवे होते. हाताशी होते घरात ऐकलेले एक नाव आणि 'बॉम्बे' हा शब्द. मी बीडचा, त्यांचे पूर्वज बहुधा कोकणातले. तरी कागद कसे वाचायचे एवढे मला सांगता येत होते.

'बॉम्बे' म्हणजे गाव नव्हे, ते जहाजात चढण्याचे बंदर. 1834 पासून जवळपास पाच लाख भारतीय मजूर उसाच्या मळ्यांसाठी मॉरिशसला उतरले. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे पुष्कळ होते. पोर्ट लुईच्या धक्क्यावर, म्हणजे आजच्या आप्रवासी घाटावर, प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. तो जन्मभर चिकटलेला असे. शोध सुरू करायचा तो या क्रमांकापासून, नावापासून नाही. मुलांच्या जन्माच्या, लग्नाच्या दाखल्यांवर तो क्रमांक सापडतो. मग मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधल्या नोंदवह्या उघडायच्या. त्यांत नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरच्या खुणा, जात, जिल्हा, गाव, जहाज असे रकाने आहेत. 1860 च्या दशकापासून तर छायाचित्रेही आहेत.

नावावर विसंबलेला माणूस हमखास फसतो. कारकुनाने कानाला लागेल तसे लिहिले आणि बापाचे पाळण्यातले नाव लेकाचे आडनाव होऊन बसले. तिकडची 'जी'ने संपणारी मराठी आडनावे अशीच घडली. गावांचेही तेच. वडगाव, पिंपळगाव जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. म्हणून तालुका जुळल्याशिवाय गावकऱ्यांना पत्र लिहू नये. शिवाय जुनी नावे ठाऊक हवीत. आमचे बीड इंग्रजी दप्तरात 'भीर' आहे, अंबाजोगाई 'मोमिनाबाद', आणि मुलूख निजामाचा.

मार्च 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय कार्ड मिळेल असे जाहीर केले. मळ्यातून पळालेला मजूर पकडता यावा म्हणून जपलेली वही आता त्याच्या वंशजाचा पुरावा झाली आहे! मला यात समाधान वाटत नाही, पण वही राहिली हे खरे.

त्या गृहस्थांना क्रमांक सापडला, मग जहाज, मग तालुका. गावाचे स्पेलिंग अजून दोन गावांना लागू पडते. पणजोबांच्या आईची नोंदही निघाली, कारण बायकांनाही स्वतःचा क्रमांक होता.

हे लिहीत असताना आमच्या रस्त्यावरून ऊसतोडीचे ट्रॅक्टर चालले आहेत. उचल घेतलेली जोडपी सहा महिन्यांसाठी कारखान्यांकडे निघाली आहेत. एका मुकादमाची वही मी मागून पाहिली. नवराबायको मिळून एक कोयता. नाव नवऱ्याचे, पुढे उचलीचा आकडा. बाईचे नाव कुठेच नव्हते. मागच्या सालची वही मागितली तर तो हसला. हिशेब फिटला की ती चुलीत जाते, म्हणाला.