परस्पर : एका शब्दाची दोन तोंडे

ज्या शब्दाबद्दल आज बोलणार आहे, त्याने आमच्या घरात दोन वर्षे अबोला घातला होता. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

माझे वडील बेळगावात मराठी शाळेत शिकले, त्यांचे चुलतभाऊ चिक्कोडीकडे कानडी शाळेत. घराणे एक, बस्ती एक, फक्त वाचायची भाषा वेगळी. एका लग्नात वडिलोपार्जित शेताचे बोलणे निघाले, अण्णांनी मान डोलावली आणि विषय तिथेच राहिला. महिन्याभराने काकांचे मोडक्या मराठीत पत्र आले, की शेताचे परस्पर ठरले आहे, सहीला या. काकांना म्हणायचे होते, आपण सर्वांनी मिळून ठरवले. अण्णांनी वाचले, मला न विचारता ठरवले. ते गेले नाहीत. पुढे दोन्ही भाषा जाणणाऱ्या एका शिक्षकांनी ते पत्र पाहिले तेव्हा उलगडा झाला. कानडीत परस्पर म्हणजे एकमेकांत. हिंदीत आणि गुजरातीतही तेवढेच. मराठीने मात्र त्याला दुसरे तोंड फोडले.

शब्द जुना आहे. ‘पर’ म्हणजे दुसरा. तो दोनदा घेतला आणि मध्ये पहिल्याचा विसर्ग ‘स’ होऊन राहिला. अन्योन्य आणि इतरेतर हे त्याचेच भाऊ. संस्कृतात क्रियेची देवघेव दाखवायला आत्मनेपद वापरतात, पण वाक्यात इतरेतर किंवा अन्योन्य हा शब्दच असेल तर ते वापरू नये, असा पाणिनीचा नियम आहे. एकच गोष्ट दोनदा कशाला सांगायची? त्या नियमात परस्पर नाही. त्याची भर पुढे वार्तिकात पडली. तीन भावांत धाकटा म्हणावा असा हा शब्द, पण आज घराघरांत तोच नांदतो आणि थोरले दोघे पोथीत राहिले.

मराठीतही त्याचा पहिला अर्थ एकमेकांचाच. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी, पसायदानात, तो मैत्रीच्या शेजारी बसलेला आहे.

आम्हा जैनांना हा शब्द लहानपणापासून पाठ असतो तो तत्त्वार्थसूत्रामुळे. पाचव्या अध्यायात उमास्वाती एकेका द्रव्याचे कार्य सांगत जातात आणि जीवांपाशी आल्यावर म्हणतात, की एकमेकांच्या उपयोगी पडणे हे त्यांचे कार्य. १९७४ साली, महावीर निर्वाणाच्या २५०० व्या वर्षानिमित्त, सर्व पंथांनी मिळून जे जैन प्रतीक स्वीकारले, त्याच्या पायाशी हेच सूत्र आहे. पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत त्यावर दिलेली उदाहरणे मला फार आवडतात. मालक नोकराला पैसा देतो, हे ठीक. पण नोकर मालकाला काय देतो? आपण म्हणू, कष्ट. पूज्यपाद म्हणतात, तो मालकाला हिताचे सांगतो आणि अहितापासून अडवतो. पगारापोटी मान डोलावणारा नोकर त्यांच्या हिशेबात परस्पर या शब्दात बसतच नाही.

पण त्याच ग्रंथाचा तिसरा अध्याय उघडा. तिथे नरकातल्या जीवांचे वर्णन आहे. ते एकमेकांना दुःख देत राहतात, आणि तिथेही शब्द परस्परच. प्रवचनात पाचवा अध्याय ऐकू येतो, तिसऱ्यातला हा शब्द सहसा कोणी दाखवत नाही. शब्द फक्त दोन टोके जोडतो. त्या दोरीवरून उपकार जाईल की मार, हे त्याच्या हाती नाही.

आता मराठीचे दुसरे तोंड. रोगी मला सांगतो, ‘डॉक्टर, बरे वाटले म्हणून औषध परस्पर बंद केले.’ भाऊ घर परस्पर विकतो, मुलगा कचेरीतून परस्पर गावी जातो. यात एकमेक कुठे आले? माझी समजूत अशी. दोघांनी आपसात व्यवहार केला की तिसरा बाहेर राहतो. त्या दोघांच्या दृष्टीने तो परस्पर, म्हणजे एकमेकांतला. तिसऱ्याच्या दृष्टीनेही परस्पर, पण त्याला वगळून. मराठीत हा शब्द तक्रार म्हणून बोलणारा बहुधा तो तिसराच असतो, आणि अर्थ त्याच्याच बाजूला झुकला. मग दोघांतला दुसराही गळाला. औषध बंद करणारा एकटाच असतो, पण न विचारलेला डॉक्टर तिथे आहे, तेवढे पुरते. ‘परभारे’ हा शब्दही याच कामाला आहे, पण त्याला दुसरे तोंड नाही, म्हणून त्याने कोणाचा घात केला नाही.

कायद्याच्या मराठीने जुना अर्थ जपला. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने कलम १३-ब आले, त्याला आपण परस्पर संमतीने घटस्फोट म्हणतो. माझ्या दवाखान्यात एक आजी रडत म्हणाल्या होत्या, ‘परस्परच केली हो संमती, आम्हाला कळूसुद्धा दिले नाही.’ त्यांचे चुकले असे मला म्हणवत नाही.

अबोला सुटल्यावर वाटणीपत्र झाले. लिहिणाऱ्याने सवयीने ‘परस्पर संमतीने’ घातले होते. अण्णांनी ते खोडायला लावून ‘सर्वांच्या समजुतीने’ असे लिहून घेतले. काकांनी विचारले, ‘यात फरक काय?’

‘तुला नाही कळायचा,’ अण्णा म्हणाले. ‘तू सही कर.’