मांसाहारी पाहुण्यांसाठी वनस्पतिजन्य बेत

घरी जेवायला येणारे पाहुणे मासे-मटणाचे शौकीन आणि यजमान मात्र दूध-तूपही वर्ज्य मानणारे, असा प्रसंग शहरांतील घरांत आता दुर्मिळ राहिलेला नाही. अशा वेळी यजमानाच्या मनात धाकधूक असते. पाहुण्यांना जेवण 'साधे' वाटले, तर पाहुणचारात कसर केली असा समज होणार. आणि त्यांच्यासाठी मासळी आणली, तर स्वत:चा नियम मोडणार. या पेचातून सुटण्यासाठी परदेशी पदार्थ किंवा मांसाची नक्कल करणारी महागडी पाकिटे शोधण्याची गरज नाही. मासे-मटण खाणाऱ्या कोकणी घरांनीच निरामिष दिवसांसाठी जे पदार्थ घडवले, त्यांतून हा बेत सहज जमतो.

शाकाहार आणि वनस्पतिजन्य आहार

या दोन संज्ञांत फरक आहे. आपल्याकडील शाकाहारात दूध, दही, तूप, लोणी, पनीर आणि मध यांचा समावेश असतो. वनस्पतिजन्य आहारात यांपैकी काहीही चालत नाही. या आहारासाठी 'व्हीगन' हा शब्द १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये रूढ झाला. भारतात अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांसाठी स्वतंत्र नियम व चिन्ह लागू केले. पाकिटावरील हिरवा ठिपका केवळ शाकाहाराची खूण आहे. त्या पदार्थात दूध नसल्याची ती हमी नव्हे.

नवी मुंबईचा वारसा

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली. ही गावे मुख्यत्वे आगरी आणि कोळी समाजांची. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी हे त्यांचे व्यवसाय; तांदळाची भाकरी आणि मासळीचे कालवण हे रोजचे जेवण. दिवाळे, सारसोळे, वाशी येथील कोळीवाडे आजही शहराच्या मध्यभागी आहेत. तरीही याच घरांतून श्रावण पाळला जातो, उपासाचे वार सांभाळले जातात, आणि वारकरी परंपरेमुळे गळ्यात तुळशीची माळ घालून मासळी कायमची सोडणारी माणसेही येथे पुष्कळ आहेत. एकाच घरात मासळी खाणारे आणि माळकरी असे दोघेही जेवत आले आहेत.

सिंधुदुर्गातून येऊन येथे स्थायिक झालेल्या मालवणी कुटुंबांची रीतही अशीच. एरवी वड्यांबरोबर कोंबडीचा रस्सा होतो. निरामिष दिवशी त्याच वड्यांबरोबर काळ्या वाटाण्याचे सांबार होते. वाटण तेच, मसाला तोच, बदलतो तो केवळ मुख्य जिन्नस. कोकणात नारळ मुबलक असल्याने या पदार्थांना दूध-दह्याची गरज क्वचितच भासते. वनस्पतिजन्य बेताच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे.

मांसाहारी जिभेला काय हवे असते?

पाहुण्यांना मांसाची उणीव भासू नये, यासाठी ताटात चार गोष्टी असाव्यात. पहिली, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा दाट, तिखट रस्सा. दुसरी, दाताखाली येणारा, चावून खाण्याजोगा पदार्थ. तिसरी, कुरकुरीत तळलेला किंवा तव्यावर परतलेला तुकडा. चौथी, कोकम किंवा चिंचेचा आंबटपणा. या चार गोष्टी जमल्या की जेवण भरगच्च वाटते. नुसता वरण-भात, दोन सौम्य भाज्या आणि कोशिंबीर एवढाच बेत केला, तर पाहुणे नावे ठेवणार नाहीत. पण आग्रह करूनही दुसऱ्यांदा वाढून घेणार नाहीत.

आठ जणांचा बेत

सुरणाचे काप : सुरण १ किलो. हाताला तेल लावून साल काढावी आणि अर्धा सेंटीमीटर जाडीचे काप करावेत. सुरण खाजरे असते, म्हणून हे काप चिंच किंवा कोकम घातलेल्या खारट पाण्यात अर्धवट शिजवून निथळावेत. नंतर आले-लसणाचे वाटण, तिखट, हळद, मीठ आणि चिंचेचा कोळ लावून ठेवावेत. वाढण्यापूर्वी तांदळाचे पीठ व रव्यात घोळवून तव्यावर तेल सोडून दोन्ही बाजूंनी खरपूस परतावेत. तळलेल्या सुरमईचा मसाला आणि कुरकुरीतपणा येथे जसाच्या तसा मिळतो.

काळ्या वाटाण्याचे सांबार : काळे वाटाणे अर्धा किलो. ते रात्रभर भिजवावेत आणि बोटांनी सहज चेपतील इतके कुकरमध्ये शिजवावेत. चार मोठे कांदे आणि दीड वाटी सुके खोबरे तेलावर वेगवेगळे, गडद तांबूस होईपर्यंत भाजावे. त्यात लसूण, आले आणि मूठभर शिजलेले वाटाणे घालून बारीक वाटावे. वाटलेल्या वाटाण्यांमुळे रस्सा दाट होतो. तेलात मालवणी मसाला आणि वाटण परतून वाटाणे व त्यांचे पाणी घालावे आणि शेवटी चार-पाच आमसुले टाकावीत.

ऋतूप्रमाणे एक भाजी : उन्हाळ्यात कोवळ्या फणसाची भाजी करावी, तिचा रेशेदारपणा मांसाहारी पाहुण्यांना विशेष रुचतो. पावसाळ्यात कंटोळी किंवा अळंबी घ्यावी. हिवाळ्यात पोपटीचा विचार करावा. रायगड जिल्ह्यात वालाच्या शेंगा, ओवा आणि मीठ मडक्यात भरून, भांबुर्डीचा पाला लावून, भोवती जाळ करून पोपटी लावतात. पुष्कळदा तीत कोंबडी आणि अंडीही घालतात. त्यांऐवजी बटाटे व रताळी घातली की बेत वनस्पतिजन्य होतो. फ्लॅटमध्ये जाड बुडाच्या पातेल्यात घट्ट झाकण लावून शेंगा वाफवता येतात. धुराचा वास त्यांना येणार नाही, चव मात्र बरीचशी येते.

सोबतीला : तांदळाच्या भाकऱ्या किंवा आंबोळ्या, अर्धा किलो तांदळाचा भात, आणि दही न घालता दाण्याचे कूट, ओले खोबरे, लिंबू व तेलाची फोडणी घातलेली खमंग काकडी.

सोलकढी : दोन नारळांचे दूध आणि कोमट पाण्यात तासभर भिजवलेली पंधरा-सोळा आमसुले. लसूण, मिरची व मीठ घालून थंड ठेवावी.

गोड : तांदळाच्या तयार शेवया वाफवून, नारळाच्या दाट दुधात गूळ व वेलची घालून त्यावर ओताव्यात. कोकणातील रस-शिरवाळ्यांचाच हा सोपा प्रकार. नारळाचे दूध उकळू नये; ते फुटते.

पूर्वतयारी

खरेदीसाठी फार हिंडावे लागत नाही. भाज्या, नारळ, काळे वाटाणे आणि आमसुले शहरातील मंडयांत व किराणा दुकानांत मिळतात.

आदल्या दिवशी वाटाणे भिजत घालावेत आणि कांदा-खोबऱ्याचे वाटण करून फ्रीजमध्ये ठेवावे. सकाळी सांबार पूर्ण करावे. मुरल्यावर ते अधिक चवदार लागते. दुपारी सुरणाला मसाला लावावा, सोलकढी करावी आणि शेवयांचा रस थंड करण्यास ठेवावा. पाहुणे येण्यापूर्वीच्या तासाभरात भात, काकडी आणि भाकऱ्या उरकाव्यात. पाहुणे आल्यावर केवळ काप परतण्याचे काम उरते. यजमानाने गप्पांत सहभागी होणे हाही पाहुणचाराचाच भाग आहे.

लेबल वाचताना

तयार पदार्थांत दूध अनपेक्षित ठिकाणी आढळते. नारळाच्या दुधाच्या काही भुकट्यांत सोडियम केसिनेट हे दुधातील प्रथिनापासून बनणारे द्रव्य असते. पावात आणि बिस्किटांत दुधाची भुकटी असू शकते. 'फ्रोझन डेझर्ट' वनस्पती तेलापासून केलेले असले, तरी त्यात बहुधा दुधाचे घटक असतात. बाहेरून वडे किंवा भाकऱ्या मागवल्यास त्यांना तूप वा लोणी लावू नये, असे आधीच सांगावे. घरच्या फोडणीसाठी शेंगदाण्याचे किंवा खोबरेल तेल पुरेसे आहे.

आमंत्रण देताना

आमंत्रण देतानाच 'बेत शाकाहारी आहे, दूध-तूपही नाही' हे सरळ सांगावे. मांसाचा भास देणारा पदार्थ वाढून नंतर गंमत सांगणे टाळावे. त्यात पाहुण्यांचा विश्वास दुखावतो. शेंगदाणे, काजू किंवा सोयाबीनची कोणाला अ‍ॅलर्जी आहे का, याचीही चौकशी करावी, कारण वनस्पतिजन्य स्वयंपाकात हे जिन्नस वारंवार येतात.

जेवताना आहाराच्या बऱ्या-वाईटावर प्रवचन नको. 'पोट भरेल ना?' अशी शंका कोणी काढलीच, तर वाटाणे, वाल, हरभरा यांसारख्या कोरड्या कडधान्यांत वजनाच्या सुमारे एकपंचमांश प्रथिने असतात, एवढे सांगणे पुरे. त्याहून चांगले उत्तर म्हणजे सांबाराची आणखी एक वाटी. माळकऱ्याच्या घरी आलेला पाहुणा पूर्वीही अर्धपोटी उठत नव्हता. रस्सा झणझणीत असला आणि वाढणाऱ्याचा हात सढळ असला, की ताटात मासळी नव्हती हे पाहुण्यांना घरी परतल्यावर आठवते.