भिंतीवरची गोधडी

आमच्या घरात एक जुनी गोधडी आहे. ती दादीने शिवलेली. तिच्यात दादीचे हिरवे लुगडे आहे, दादांच्या चौकड्यांच्या लुंग्या आहेत आणि कुणाच्या तरी लग्नातले लाल कापड आहे. ‘कुणाच्या तरी’ असे लिहावे लागते, कारण विचारायचे तेव्हा आम्ही विचारले नाही. पुढे शहरात घर झाले. ज्या गोधडीत आम्ही लहानपणी निजलो ती जुनी वस्तू म्हणून मोठ्या हौसेने दिवाणखान्यात टांगली. पाहुणे कौतुक करीत. चार वर्षांनी भिंतीला रंग देण्यासाठी ती उतरवली, तेव्हा दर्शनी बाजूचा लाल रंग पार उडालेला होता. मागे दुमडलेल्या काठात मात्र तो तसाच होता. समोरची खिडकी पश्चिमेची. जिला आपण जपतो आहोत असे आम्ही समजत होतो, तिला आम्हीच रोज थोडे थोडे पुसत होतो.

या चुकीमुळे आम्हाला प्रश्न पडला, की मोलाचे कापड आपल्या पूर्वजांनी कसे दाखवले आणि कसे राखले?

मराठवाड्यातल्या वाचकांना खुलताबाद परिचित आहे. तिथे जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्यात पैगंबरसाहेबांचा म्हणून मानला जाणारा पेहराव जतन केलेला आहे. रबीउल अव्वलच्या बाराव्या तारखेला लोकांना त्याचे दर्शन घडते. एरवी तो बंद असतो. श्रद्धेचा विषय ज्याचा त्याचा. पण कापडाच्या दृष्टीने पाहिले तरी या रिवाजात मोठे शहाणपण आहे. वर्षातला एक दिवस उजेड आणि बाकीचे दिवस अंधार.

मोगल दरबाराचीही अशीच शिस्त होती. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त तोशाखाना आणि बिछान्यांचे कोठार यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. कापड कोणत्या दिवशी आले यावरून कोठारात त्याचा क्रम ठरे. पण ही झाली बादशहाची दौलत. गरिबाघरच्या गोधडीची नोंद ठेवायला कोणता मुन्शी बसणार?

नोंद नसली की काय होते ते बंगालच्या उदाहरणावरून कळते. सोळाव्या-सतराव्या शतकांत सातगावच्या परिसरात पिवळ्या टसर रेशमाने भरलेल्या रजया तयार होत आणि पोर्तुगीज व्यापारी त्या युरोपात नेत. शिकारीचे देखावे, जहाजे आणि बायबलमधल्या कथा त्यांवर भरलेल्या असत. आज त्या लिस्बन आणि लंडनच्या संग्रहालयांत आहेत. भरणाऱ्या हातांची नावे मात्र कुठेच नाहीत. याउलट गुरुसदय दत्त यांच्या संग्रहात मानदासुंदरी नावाच्या बाईची कांथा आहे. ती तिने वडिलांसाठी शिवली आणि तसे सुताने त्याच कापडावर लिहिले. म्हणून ती बाई आपल्याला ठाऊक आहे. जसीमुद्दीन या बंगाली मुसलमान कवीने 1929 साली ‘नक्शी कांथार माठ’ हे काव्य प्रसिद्ध केले. त्यातली साजू आपल्या दुःखाची सगळी हकीकत कांथेवर शिवते आणि ती आपल्या कबरीवर पसरायला सांगते. कागद-शाई हाती नसलेल्या बाईला सुई आणि जुने लुगडे एवढेच लेखनसाहित्य होते, हे या कवीने नेमके ओळखले.

आपल्या शेजारी, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर आणि मुंडगोड भागात सिद्दी लोक राहतात. मूळचे आफ्रिकेतले. त्यांच्यापैकी काहींचे पूर्वज गोव्याच्या गुलामगिरीतून पळून या जंगलात आले. त्यांच्यात मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदूही आहेत. पण कवंदी सगळ्यांच्या घरी. ती काठापासून शिवायला घेतात आणि मध्यापर्यंत येतात. चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे ‘फूल’ लावल्याशिवाय ती पुरी झाली असे मानत नाहीत. आमची दादीही काठापासूनच सुरुवात करी. धर्म वेगळे, बोली वेगळी, धावदोरा मात्र एकच.

आपल्या खेड्यांतही गोधडीला ऋतूंचे वेळापत्रक होते. उन्हाळ्यात ती अंगाखाली असे, थंडीत अंगावर. पाऊस सरला आणि नवरात्र जवळ आले की सारा गाव गोधड्या घेऊन नदीवर जाई. आमच्या घरच्या बायाही त्याच दिवसांत, त्याच काठावर, त्याच खडकांवर गोधड्या आपटीत. घडी उलगडली जाई, कसर झडे, फाटलेले दिसे आणि वर नवा तुकडा बसे. वापरातली गोधडी त्यामुळे टिकली. मात्र धुणे-आपटणे आणि कडक ऊन आता जुन्या, जीर्ण गोधडीला सोसणार नाही. तिच्यासाठी तेच वेळापत्रक जरा हलक्या हाताने पाळावे लागते.

संग्रहालयांत नाजूक कापडावर साधारण 50 लक्स इतकाच मंद उजेड ठेवतात आणि काही महिन्यांनी ते उतरवतात. विश्रांतीने उडालेला रंग परत येत नाही. उरलेला वाचतो, एवढेच. आम्ही आता गोधडी फक्त थंडीत लावतो, तीही खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीवर. खिळे ठोकत नाही. पाठीला सगळ्या थरांतून सुती पट्टी शिवली आहे, तिच्यातून काठी जाते आणि भार सारखा विभागतो. उन्हाळा लागला की उतरवतो. पावसाळ्यात भिंती ओल धरतात, म्हणून तेव्हा ती धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळून कपाटात ठेवतो. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी धरते, म्हणून ती वापरत नाही. कडुनिंबाचा सुका पाला वेगळ्या पुरचुंडीत ठेवतो. पावसाआधी आणि पावसानंतर सावलीत वारा देतो, आणि घडी घालावीच लागली तर जुन्या घडीवर घालत नाही.

पण उजेडापेक्षाही मोठा शत्रू विसर आहे. किती घरांतल्या गोधड्या बोहारणीच्या पाटीत गेल्या आणि त्यांच्या बदल्यात स्टीलचे डबे आले! विकणाऱ्यांना दोष कसा द्यावा? ती गोधडी कुणी शिवली हेच त्यांना कुणी सांगितले नव्हते. आम्ही तर ती विकली नाही, भिंतीवर मिरवली; तरी त्या लाल तुकड्याचा इतिहास आमच्याच घरात हरवला.

यंदा गोधडी उतरवल्यावर आम्ही तिच्या पाठीला पांढऱ्या कापडाची एक पट्टी शिवली. तिच्यावर दादीचे नाव, गावाचे नाव आणि आठवतात तेवढे कपडे लिहिले. लाल तुकड्यापुढची जागा रिकामी ठेवली आहे. आपल्या घरात ती जागा भरू शकणारी कुणी म्हातारी अजून असेल, तर तिच्याजवळ गोधडी घेऊन बसा आणि आजच विचारून घ्या.