अडकलेला गज : मालवण किनाऱ्यावरील ठासणीच्या बंदुकांविषयीं कांहीं विचार

जुन्या दफ्तरांचा शोध घेतांना कागदांबरोबर कधीं कधीं ठासणीची बंदूकहि हातीं येते. मालवण किनाऱ्यावरील अशा बंदुकींत गज नळींतच रुतून बसलेला आढळल्यास नवल नाहीं. तो कसा काढावा हा प्रश्न केवळ लोहाराचा नव्हे. संग्राहकाचा जीव व इतिहासाचा पुरावा या दोहोंशीं त्याचा संबंध आहे.

प्रथम शब्दाविषयीं. गज म्हणजे हत्ती, गज म्हणजे चोवीस तसूंचें माप, आणि गज म्हणजे दारूगोळी ठासण्याची कांबहि. मोडी यादींत बंदुकांच्या कलमाखालीं हा शब्द आला असतां मापाचा अर्थ घेण्याची घाई करूं नये.

पोर्तुगीजांनीं सन १५१० त गोवें घेतलें. सिंधुदुर्गाचा पाया सन १६६४ त घातला गेला. सन १७६५ त इंग्रजांनीं तो घेऊन फोर्ट ऑगस्टस असें नांव दिलें, पुढील वर्षीं करवीरकरांस परत केला, व सन १८१२ च्या तहानें तो कायमचा त्यांजकडे गेला. अशा टापूंत देशी तोड्याच्या व विलायती चकमकीच्या अशा दोन्ही बंदुकांची अपेक्षा धरावी. आरंभीं गज लांकडीच असत. युरोपांत लोखंडी गज प्रशियाच्या फौजेनें अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रूढ केला. लांकडी गज पावसाळ्यांत फुगतो व ओढतांना मोडतो. लोखंडी गंजून नळीशीं एकजीव होतो. काळी दारू जळाल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपानें मागें राहतो. ते क्षार ओल शोषतात, आणि खारी हवा त्यांत भर घालते. पुसण्यासाठीं गजास गुंडाळलेली चिंधीहि पाचरीसारखी बसते.

गजास हात लावण्यापूर्वीं मापें घ्यावीं. नळीच्या तोंडापासून कानापर्यंतचें अंतर म्हणजे सुमारें आंतील खोली. नळीखालील गजाची खोबण काडीनें मोजली म्हणजे मूळ गजाची लांबी बहुधा कळते. तींतून बाहेर राहिलेला भाग वजा करावा. समजा, दोन्ही मापें ४० इंच भरलीं व गज ४ इंच बाहेर आहे. तर तळाशीं ४ इंच जागा उरते. तेथें न उडालेला बार असूं शकेल. गज मध्येंच अडकला असला किंवा मागाहून बदललेला असला तर हें गणित चुकेल. म्हणून मापें कांहींहि सांगोत, बंदूक भरलेलीच समजावी.

नंतर नळीचें तोंड निर्जन दिशेस ठेवून कानांतून पाणी सोडावें. सोरा विरघळून दारू निकामी होते. तरी ती पुन्हां वाळूं देऊं नये. मग पातळ तेल कानांतून व तोंडाकडून सोडून कांहीं दिवस मुरूं द्यावें. नळी लांकडी ठोकळ्यांत आवळून, स्वतः बाजूस उभें राहून, गज सरळ रेषेंत, थोडथोडा पिळीत ओढावा. विलायती नळीच्या बुडाशीं मळसूत्री बूच असतें. जाणत्या कारागिराकडून तें काढवून गज मागून लोटतां येतो. विस्तव मात्र कधींहि लावूं नये. बार काढून गज उडविण्याचा विचारहि करूं नये. त्यानें नळी फुटते.

बाहेर येईल तें सर्व जपावें. बारावरील बोळ्यास रद्दी कागद वापरीत. त्यावर मोडी अक्षरें असणें अशक्य नाहीं. पाण्यानें शाई पुसली जाईल हें खरें, परंतु त्या लोभानें पाणी टाळणें म्हणजे चार ओळींसाठीं डोळे गमावण्याची तयारी करणें होय.

सिंधुदुर्ग जिल्ह्यांत पीकरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुका आजहि परवान्यानें बाळगल्या जातात. तेव्हां सांपडलेल्या बंदुकीविषयीं सन १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें पोलिसांत आधीं चौकशी करावी. गज किती आंत होता, त्याखालीं काय निघालें, हें त्याच दिवशीं टिपून ठेवावें. नळी एकदां घासून स्वच्छ झाली म्हणजे ती शेवटीं भरलेली टाकली गेली कीं रिकामी, हें पुन्हां कोणासहि सांगतां येणार नाहीं.