पाचुंदा आणि गंज : भीमथडीतील वैरणीच्या भावाविषयी

दुष्काळाच्या इतिहासात धान्याचा भाव पानोपानी भेटतो, कडब्याचा मात्र शोधावा लागतो. साहित्याचे आम्ही अभ्यासकही कणगीपाशी थांबतो, परसातल्या गंजीपर्यंत जात नाही. पुणे-दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव यांच्या मधे असलेल्या खुटबावच्या परिसरात मात्र दावण राहणार की बाजार दाखवावा लागणार, हे पिढ्यानुपिढ्या या गंजीनेच ठरवले आहे.

हा मुलूख जुन्या भीमथडी तालुक्याचा, रब्बी ज्वारीचा. दाणा माणसाला, ताट जनावराला. सुगीत, माघ-फाल्गुनात कडबा उदंड आणि म्हणून स्वस्त. ज्येष्ठात पाऊस लांबला की तोच कडबा सोन्यासारखा. या दोन भावांमधले अंतर ज्याला थांबता येते त्याच्याच पदरात पडते. शेतकऱ्याची थांबण्याची रीत म्हणजे वळई : पेंढ्या नीट रचून, वरून शाकारून, पुढच्या वर्षापर्यंतही टिकवलेला साठा. पण सारा आणि सावकाराचा हप्ता यांची निकड सुगीतच उभी राहिली, की थांबणे संपले.

१२ मे १८७५ रोजी सुपे येथे (तेव्हा भीमथडीत, आज बारामती तालुक्यात) दंगा झाला. कर्जरोखे जाळण्याचा प्रसंग पाठ्यपुस्तकांत येतोच. पण चोवीस तासांच्या आत चौदा मैलांवरच्या एका गावी बड्या सावकाराचे घर पेटवले गेले तेव्हा त्याच्या गंजीही जाळल्या गेल्या, या तपशिलाकडे फारसे कोणी पाहत नाही. महिना वैशाखाचा, गंजी भरलेल्या आणि भाव चढायचा काळ तोंडावर. रोखा जाळला तर कर्जाचा पुरावा जातो. गंज जाळून शेतकऱ्याच्या हाती काहीच येत नाही, तरीही ती जाळली गेली. त्या रागाचा अर्थ केवळ व्याजाच्या दराने लागत नाही, असे आम्हांस वाटते.

१८७८च्या वन कायद्यानंतर सरकारी रानांतली चराई आवळली गेली. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये (१८८३) जोतीराव फुले यांनी जंगलखात्याविरुद्ध केलेली तक्रार याच सुमाराची आहे. कुरण गेले की वैरण विकतच घ्यावी लागते, म्हणजेच तिला भाव येतो. १८९९-१९००च्या दुष्काळात चाऱ्यावाचून गुरांची जी हानी झाली, ती या दृष्टीने वाचायला हवी.

पुढची कहाणी पाण्याची, आणि थोडी चमत्कारिक. १८७९ साली खडकवासल्याचे धरण पुरे झाले, मुठा उजवा कालवा दौंडच्या दिशेने आला, ऊस वाढला. ज्वारी मागे सरली आणि तिच्याबरोबर वळईही. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी जवळच उरुळी कांचन येथे 'बाएफ' स्थापन केली, संकरित गाई गोठ्यांत आल्या आणि दूध हे रोजचे रोख उत्पन्न झाले. मात्र खिलार बैल उन्हाळ्यात सुक्या काडीवर तग धरी; संकरित गाईला अर्धपोटी ठेवले की दुसऱ्या दिवशी डेअरीच्या मापात ते दिसते.

गाळप हंगामात उसाचे वाढे स्वस्त मिळते, पण त्यातील ऑक्झॅलेटमुळे जनावराचे कॅल्शियम घटते. आणि कारखाने बंद झाले की तेही संपते. मग लसूणघास, हत्तीगवत, मक्याचा मुरघास. हे सारे ज्याच्याकडे पाणी आणि चार गुंठे मोकळी जमीन आहे त्याचे उपाय. बाकीच्यांना दुधाचा भाव डेअरी सांगते आणि वैरणीचा भाव व्यापारी.

१९६४ साली आलेल्या 'सीएसएच-१' या संकरित ज्वारीला दाणा भरपूर, पण ताट बुटके. रब्बीत मात्र शेतकऱ्यांनी मालदांडी सोडली नाही, त्याचे मोठे कारण कडबा. तज्ज्ञ एकरी क्विंटल मोजत होते, शेतकरी पेंढ्या मोजत होता. आणि हिशेब शेतकऱ्याचाच पुरा होता, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या भागातली, घरी दोन-चार गाई असलेली मुले आमच्या वर्गात असतात. पाच पेंढ्यांचा पाचुंदा हा शब्द आम्हांला त्यांना समजावून सांगावा लागतो. मुरघासाचा टनाचा भाव मात्र ती न अडखळता सांगतात, आणि गेल्या उन्हाळ्यात कोणती गाय विकली तेही.